चोवीस रुपयांच्या आत बसणारी लस

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडून आफ्रिकेत एक आडवा पट्टा जातो. त्यात २६ देश येतात. डिसेंबरपासून पुढे तिथे सगळं कोरडं होतं, वाळवंटाकडून धुळीचा हरमॅटन वारा सुटतो, घसे सुकतात. मग एरवी घशात निमूटपणे राहणारा मेनिंगोकॉकस हा जिवाणू एखाद्या मुलाच्या रक्तात उतरतो. ताप येतो, उलट्या होतात आणि मान इतकी ताठरते की हनुवटी छातीला टेकत नाही. मेंदूच्या आवरणाला सूज आलेली असते. आपण ‘मेंदूज्वर’ हा शब्द सरसकट वापरतो. पण जपानी मेंदूज्वर विषाणूमुळे होतो आणि डासांमार्फत पसरतो. हा मेनिंजायटिस जिवाणूचा, माणसाकडून माणसाकडे जाणारा. उपचार मिळूनही दहातला साधारण एक रुग्ण दगावतो. वाचलेल्या काही मुलांना कायमचं बहिरेपण येतं. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि २५ हजार मृत्युमुखी पडले. या जिवाणूचे अनेक गट आहेत; त्या साथीमागे मुख्यतः ‘ए’ गट होता.

लस नव्हती असं नाही. जिवाणूच्या अंगावर शर्करेचं आवरण असतं, त्या शर्करेपासून केलेली जुनी लस होती. पण दोन वर्षांखालच्या बाळांवर ती फारशी चालत नसे, मोठ्यांमध्येही दोन-तीन वर्षांत ओसरे आणि घशातल्या जिवाणूला हात लावत नसे. त्यामुळे साथ पेटली की लस मागवायची, ती पोहोचेपर्यंत गावं पोळलेली असायची. दर वेळी वरातीमागून घोडं.

उपाय शास्त्रज्ञांना ठाऊक होता. नुसती शर्करा दिसली तर आपल्या प्रतिकारशक्तीतली बी पेशी थोडीफार प्रतिपिंडं तयार करते आणि विसरून जाते. तीच शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडून दिली, तर बी पेशी शर्करेसकट ते प्रथिन गिळते आणि त्याचे तुकडे टी पेशी या मदतनीस पेशीला दाखवते. टी पेशी प्रथिन ओळखते आणि बी पेशीला कामाला लावते. प्रतिपिंडं जोमानं तयार होतात, आठवणही पक्की राहते, अगदी बाळाच्या शरीरातसुद्धा. ब्रिटननं १९९९ मध्ये अशीच जोडलस ‘सी’ गटाविरुद्ध वापरली आणि तिथला तो आजार झपाट्यानं ओसरला. ‘ए’ गटासाठी मात्र कुणी लस काढेना, कारण ज्यांना ती हवी होती त्यांच्याकडे पैसे नव्हते.

इथे देणगी आली. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशननं ‘पाथ’ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त प्रकल्पाला ७ कोटी डॉलर दिले. मार्क लाफोर्स हे त्या प्रकल्पाचे प्रमुख. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते ती त्यांनी सुरुवातीलाच केलेली चौकशी. आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना त्यांनी विचारलं, की तुम्हाला परवडेल काय? उत्तर आलं, डोसला अर्ध्या डॉलरच्या आत. त्या वेळच्या दरानं हे चोवीस रुपयेसुद्धा होत नाहीत. महागडी लस विकत घेऊन चार वर्षं वाटता आली असती, पण देणगी आटली की लसही थांबली असती. त्याऐवजी अंथरूण आधी मोजलं आणि त्या मापाची लस घडवायला घेतली. दानाचा पैसा इतक्या विचारानं खर्च झालेला क्वचितच दिसतो.

त्या किमतीत लस बनवायला तयार झाली पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. शर्करा ॲमस्टरडॅमहून आली. शर्करा-प्रथिनाची गाठ मारण्याची पद्धत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेनं दिली आणि पुण्याच्या तंत्रज्ञांनी ती शिकून घेतली. आणि प्रथिन कोणतं? पायात खिळा घुसला की आपण जे धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो, त्यातलंच निर्विष केलेलं द्रव्य. ते सीरममध्ये मुबलक होतं. चाचण्या भारतात, माली-गांबियात झाल्या आणि ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. १ ते २९ वयोगटातल्या एक कोटीहून अधिक लोकांना अवघ्या दहा दिवसांच्या आसपास लस टोचली गेली. लशीचं नाव मेनआफ्रिव्हॅक.

पुढची एक छोटी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लस २ ते ८ अंशांत ठेवायची हा नियम. जिथे वीज नाही तिथे बर्फाच्या पेट्या डोक्यावर वाहून न्याव्या लागतात आणि बर्फ वितळला की काम थांबतं. चाचण्यांतून दिसलं, की ही कोरड्या भुकटीची लस ४० अंशांपर्यंत चार दिवस टिकते. मग २०१२ मध्ये बेनिनच्या बानिकोआरा भागात ती बर्फाविना नेली. पेटीत एक चिकटपट्टी असायची. पारा ४० च्या वर गेला की तिचा रंग बदलायचा. आरोग्यसेविकेनं तेवढं पाहायचं आणि पुढच्या वस्तीकडे निघायचं. अशा रीतीनं दीड लाखांहून अधिक लोकांना लस मिळाली.

चाडमध्ये लसीकरण झालेल्या भागांत आजाराचं प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी दिसलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांच्या घशातूनच ‘ए’ गट जवळजवळ नाहीसा झाला, म्हणजे लस न घेतलेलेही वाचले. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा प्रयोगशाळेनं सिद्ध केलेला रुग्ण आढळलेला नाही.

पण ‘सी’, ‘डब्ल्यू’, ‘एक्स’ हे गट शिल्लक होतेच. २०१७ मध्ये नायजेरियात ‘सी’ची मोठी साथ आली. या गटांना आवरण्यासाठी सीरम आणि पाथनं ब्रिटिश सरकारच्या मदतीनं पाच गटांची लस तयार केली आणि २०२४ मध्ये ती सर्वप्रथम नायजेरियातच दिली गेली. ‘ए’ गटाविरुद्धचं कामही संपलेलं नाही. मोहीम होऊन गेल्यावर जन्मलेलं प्रत्येक बाळ लशीविना असतं; अशी बाळं साठत गेली की साथीला पुन्हा वाट मिळते. म्हणून ९ ते १८ महिन्यांच्या वयात एक डोस नेहमीच्या लसीकरणात घ्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलं. घाना आणि सुदाननं २०१६ मध्ये तो सुरू केला. दर वर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला तो एक डोस टोचायचा आहे.