निकोडेमस: रूळ नदीपलीकडून गेले

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, निकोडेमस नावाचं गाव आहे. 2020 च्या जनगणनेत इथे 14 माणसं मोजली गेली. एवढ्याशा वस्तीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा का, हे समजायचं तर आधी जमीन पाहावी लागते.

हा प्रेअरीचा, म्हणजे गवताळ मैदानांचा मुलूख. सॉलोमन नदीचा दक्षिण फाटा गावाच्या दक्षिणेकडून वाहतो. झाडं काय ती नदीच्या काठाला; बाकी नजर जाईल तिथे गवत आणि वारा. 100 पश्चिम रेखांश इथून अगदी जवळ आहे. त्याच्या पूर्वेला साधारण पावसावर पीक येतं, पश्चिमेला भरवसा नाही. गाव या दोहोंच्या सीमेवर बसलेलं, त्यामुळे एक वर्ष गहू उत्तम, तर पुढच्या वर्षी पेरणी वाया.

अशा ठिकाणी गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय माणसं आली ती दक्षिणेकडच्या केंटकी राज्यातून, 1877 मध्ये. गुलामगिरी कायद्याने संपून बारा वर्षं झाली होती, पण दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या अंगावरची दहशत गेली नव्हती. कॅन्ससचं नाव मात्र त्यांच्यात आदराने घेतलं जाई, कारण गुलामगिरीविरुद्ध तिथे रक्त सांडलं होतं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर सरकारी जमीन कसून मालकीची करता येत होती. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-विकासक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी मिळून गावाची कंपनी काढली आणि पत्रकं वाटली. केंटकीत लागलेल्या एका पत्रकात, 5 डॉलरमध्ये कॅन्ससला चला, असं सरळ आवाहन होतं. (दक्षिणेतले हजारो कृष्णवर्णीय कॅन्ससकडे निघाले ते 1879 चं 'एक्सोडस्टर' स्थलांतर प्रसिद्ध आहे, निकोडेमसला त्यातच धरायची चूक बरेच जण करतात. हे गाव त्याच्या दोन वर्षं आधीचं.)

पत्रकातलं गाव आणि प्रत्यक्षातलं गाव यांत फार अंतर होतं. एलिस गावाच्या रेल्वे स्टेशनपासून जनावरांच्या गाड्यांनी दोन दिवसांची वाट. 1878 च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी आपली आठवण सांगून ठेवली आहे: निकोडेमस कुठे आहे, म्हणून विचारलं, तर नवऱ्याने जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. माणसं जमिनीत खोदलेल्या बिळांसारख्या घरांत राहत होती. त्या रडू लागल्या. लाकूडच नव्हतं, तर घर बांधणार कशाचं? बरीच कुटुंबं आल्या पावली परत फिरली. राहिलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी अन्न दिलं, असं गावात पिढ्यानपिढ्या सांगतात.

तरी दहा वर्षांत गाव उभं राहिलं. चुनखडीच्या दगडाच्या इमारती आल्या, चर्च, हॉटेल, दुकानं आणि 'वेस्टर्न सायक्लोन'सह दोन वर्तमानपत्रं. इथलेच एडवर्ड मॅकेब 1882 मध्ये राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले. कॅन्ससमध्ये राज्यपातळीवरच्या पदावर पोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

मग रेल्वे. माझ्या मते दुष्काळापेक्षाही मोठा घाव हाच. 1887 मध्ये गावाने मिसूरी पॅसिफिक कंपनीला आणण्यासाठी 16,000 डॉलरच्या रोख्यांना मत दिलं, पण पैशांवरून बोलणी फिसकटली. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या दक्षिणेकडून. मधे अंतर थोड्याच मैलांचं, पण धान्य जिथे चढतं तिथेच बाजार भरतो. व्यापाऱ्यांनी दुकानं उचलून रुळांशेजारी नेली. त्या वस्तीचं पुढे बोग हे गाव झालं. 1930 च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उरलेली कुटुंबंही पांगवली. 1953 मध्ये पोस्ट ऑफिस बंद झालं.

पाच जुन्या इमारती आजही उभ्या आहेत: दोन चर्च, शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि टाउनशिप हॉल. 1996 मध्ये त्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या छत्राखाली आल्या. दर जुलैअखेर 'होमकमिंग'ला देशभरातले वंशज इथे जमतात, आणि चौदा जणांच्या गावात ते दोन-तीन दिवस पाय ठेवायला जागा नसते.