हेपारिनने रक्त पातळ होत नाही हो!
बायपासच्या वेळी हेपारिनचं इंजेक्शन देऊन रक्त पाण्यासारखं पातळ करतात आणि ते नंतर कित्येक दिवस तसंच राहतं, असं घरोघरी सांगतात आणि पेशंटचे नातेवाईक उगाच घाबरतात, म्हणून लिहितोय. हेपारिन फक्त गुठळी होऊ देत नाही, रक्तातल्याच अँटीथ्रॉम्बिन या गुठळी रोखणाऱ्या प्रथिनाचा जोर वाढवून. रक्त थोडं पातळ होतं ते ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांत आधी भरलेल्या सलाईनसारख्या द्रवामुळे. आणि हे अंदाजाने चालत नाही, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणारी एसीटी टेस्ट असते, एरवी साधारण 100 ते 130 सेकंदात गोठणारं रक्त बहुतेक ठिकाणी 480 च्या वर नेल्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत, मग दर अर्ध्या तासाने वगैरे परत चेक. शेवटी प्रोटामिन हे हेपारिनच्या उताऱ्याचं औषध, तेही हळूहळू, कारण झटकन दिलं तर बीपी कोसळतं, आणि काही मिनिटांत हेपारिनचा असर उतरतो.