गुप्त तळावरील छापा (अंतराळकथा)

अंतराळ विज्ञानकथेतला एक रूढ प्रसंग. हेरखात्याचा लपवलेला तळ शत्रूला सापडतो, त्यावर छापा पडतो आणि आतल्या माणसांना हाताशी असलेल्या मिनिटांत दप्तर नष्ट करणे, वर कळवणे आणि निसटणे ही तिन्ही कामे उरकावी लागतात. बहुतेक लेखक सगळी शाई गोळीबारावर खर्च करतात. तळ मात्र त्याआधीच, रसद आणि उष्णता यांच्या हिशेबात पडलेला असतो.

जमिनीवरचा नमुना. मराठवाड्यातल्या लेखकाला हा हिशेब शिकायला लांब जावे लागत नाही. देवगिरीचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच. कडे तासून सरळ केलेले, भोवती खंदक आणि वर जायला खडकात कोरलेली वळणावळणाची अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. डोंगर असा अवघड असूनही १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने वेढा घातला तेव्हा रामदेवरायाला तह करावा लागला. मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर गेलेले होते. मागून दिल्लीची मोठी फौज येते आहे, अशी आवई अलाउद्दीनने उठवली. आणि धान्याची म्हणून घाईने गडावर चढवलेली पोती उघडली तर त्यांत मीठ निघाले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. मिठाची गोष्ट कोणी दंतकथा म्हणून सोडून दिली तरी छाप्याचे कथानक रचणाऱ्याने ती पाठ करावी: डोंगर शाबूत आणि गड गेलेला.

दुसरा नमुना हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सरहद्दीवरच्या कॅम्पांचा. कार्यकर्ते निजामी हद्दीबाहेर मुक्काम ठेवत आणि आत शिरून करोडगिरी (जकात) नाक्यांवर हल्ले करून परतत. तिथे हद्द हीच तटबंदी होती. अंतराळात अशी ओलांडता येणारी हद्द नसते, त्यामुळे हा नमुना जसाच्या तसा उचलला की कथा फसते.

तळ सापडतो कसा. फितुरी, पाठलाग आणि उघडा पडलेला संदेश ही ठरलेली कारणे. भौतिकशास्त्राला धरून असलेले कारण म्हणजे उष्णता. चंद्रावरचा ४० माणसांचा तळ घेऊ. प्रत्येक माणूस बसल्या जागी साधारण १०० वॉट उष्णता टाकतो, म्हणजे ४ किलोवॉट; पंप, संगणक, दिवे, हवा शुद्ध करणारी यंत्रे धरून एकूण २०० किलोवॉट मानू. ही उष्णता वाहून न्यायला बाहेर हवा नाही, ती प्रारण करूनच टाकावी लागते. २७ अंश सेल्सिअस तापमानाचा पत्रा दर चौरस मीटरला जेमतेम ४०० वॉट टाकतो, म्हणून सुमारे ५०० चौरस मीटरचे उष्णताविसर्जक आकाशाकडे तोंड करून मांडावे लागतात. चंद्राची रात्र आपल्या १४ दिवसांची असते आणि तेव्हा जमीन उणे १३० अंशांच्याही खाली जाते. अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला हा पत्रा माळरानावर पेटवलेल्या शेकोटीसारखा दिसतो. दिवसा जमीनच १२० अंशांपर्यंत तापते, पत्रा तिच्यात लपतो, पण तेव्हा तो नीट गारही होत नाही. लाव्हाच्या भुयारात तळ नेला तरी सुटका नाही. माणसे भुयारात लपतात, उष्णता बाहेरच टाकावी लागते. जाणते लेखक ती रात्रभर खडकात किंवा पाण्याच्या टाक्यांत साठवतात आणि टाक्या किती दिवसांत भरतील यावर कथेचे घड्याळ लावतात.

रसद दुसरी. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. ४० जणांचा सहा महिन्यांचा साठा सहा टनांवर जातो. ओसाड म्हणून नोंदलेल्या जागी कोणाचे तरी मालवाहू यान फेऱ्या घालते, एवढी एक नोंद शत्रूच्या हेराला पुरते.

इथे एक मोह टाळावा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आखलेली आहे. दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. शत्रूचे यान तिला 'ऐकू' येते असे लिहायचा मोह होणारच. तिला कृष्णविवरांच्या टकरी कळतात, यान कळत नाही.

चाल. चंद्राभोवती १०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे यान तळाच्या क्षितिजावर उगवल्यापासून डोक्यावर यायला सुमारे सहा मिनिटे लागतात. तेच १५ किलोमीटरवरून आले तर सव्वादोन. म्हणून छापा खालून येतो. पण उतरायचे तर वेग मारावा लागतो: अपोलोच्या चांद्रयानांनी १५ किलोमीटर उंचीवरून इंजिन पेटवले की जमिनीला टेकायला बारा मिनिटांच्या आसपास लागत. तेवढा वेळ ज्वाला दिसते, आणि टेकताना उडालेली धूळ हवेअभावी न रेंगाळता दूरवर फेकली जाते. म्हणून हल्लेखोर डोंगराआड उतरून चालत येतात. त्यांना पकडायला तळाभोवती भूकंपमापक पुरलेले असावेत; चंद्राची जमीन शांत असल्याने गाडीचा, जवळ आल्यावर पावलांचाही हादरा टिपता येतो. मदतीची हाक पृथ्वीवर सव्वा सेकंदात पोचते. मदत यायला तीन दिवस.

आत शिरल्यावर. देवगिरीच्या अंधारीत शत्रूला चकवून, वरच्या तोंडाशी जाळ करून धुराने कोंडत असत, असे सांगतात. अंतराळकथेत ही युक्ती उलटी पडते: हल्लेखोर स्वतःची हवा पाठीवर घेऊन आलेला असतो, गुदमरतात आतले. अंधारही कुचकामी, अवरक्त चष्म्याला तो नसतोच. कामी येतात ती वळणे आणि अरुंद एअरलॉक (आत-बाहेर करायची दोन दारांची हवाबंद खोली), जिथून एका वेळी दोघेच आत येतील.

भोक पडले की माणसे बाहेर खेचली जातात, ही सर्वांत जुनी चूक. १०० घनमीटर खोलीला १ सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले तर दाब निम्म्यावर यायला तासाहून अधिक लागतो. थिगळ लावायला भरपूर वेळ असतो. दार उडवले तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या स्फोटाला निर्वातात धक्कालहर नसते, इजा होते ती उडालेल्या तुकड्यांनी. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आलेला एक किलोचा तुकडा सुमारे १२ किलो टीएनटीइतकी ऊर्जा घेऊन येतो.

दप्तर. आधी सांकेतिक किल्ल्या पुसायच्या, मग खबऱ्यांच्या याद्या, शेवटी यंत्रे. क्रम उलटला की याद्या शत्रूच्या हाती लागतात. कागद जाळण्याचे दृश्य लेखकांना फार आवडते. एक किलो कागद जळायला सुमारे १.२ किलो ऑक्सिजन लागतो. दहा किलो दप्तर जाळले तर एका माणसाची चौदा दिवसांची हवा गेली, वर खोलीभर धूर. कागद भिजवून लगदा करणे बरे. पाणी पुढे गाळून वापरता येते.

निसटणे. भुयारातून यान उडवले तर ज्वाला पुन्हा सगळ्यांना दिसते, म्हणून पहिली पळवाट पायीच असते. पोशाखात साधारण आठ तासांची हवा धरली आणि ताशी तीन किलोमीटरची चाल, तर हिशेब २४ किलोमीटरचा होतो. खाचखळगे, जखमी सोबती आणि माग चुकवण्याचे वळसे वजा जाता १५ उरतात. राखीव निवारा त्या टप्प्यातच हवा, आणि तिथे गरम पत्रा नको.