मेडिकेअर पुण्यात चालतं का?
‘अमेरिकेत आयुष्यभर कर भरलाय, पुण्यात राहिलो तरी मेडिकेअर खर्च देईलच.’ नाही देत हा ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्यविमा. सोशल सिक्युरिटी या अमेरिकी सरकारी योजनेची पेन्शन भारतात मिळते, त्यावरून हा गैरसमज पसरतो. मेडिकेअर अमेरिकेत आणि प्वेर्तो रिको, ग्वामसारख्या तिच्या प्रदेशांतच चालतं. अपवाद मोजके: अलास्काला जाताना कॅनडात तब्येत अचानक बिघडली आणि तिथलंच रुग्णालय जवळ असलं, असे. काही मेडिगॅप (मेडिकेअरला पूरक खासगी विमा) पॉलिसी परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के देतात, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच आणि आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. कायम परतणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

तरीही पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांचा भाग, घाईने सोडू नका. पुन्हा घेताना मधल्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, बहुतेकदा कायमचा. भारतातला आरोग्यविमा मात्र परतण्याआधीच ठरवा. जुन्या आजारांना तिथे प्रतीक्षाकाळ असतो.