हेलिकॉप्टरचा आवाज डोक्यात का जातो?

शांत उपनगरात हेलिकॉप्टर नजरेस पडण्याच्या बऱ्याच आधी त्याची धडधड ऐकू येते. ही धडधड इंजिनाची असावी असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा मोठा वाटा डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांचा असतो. बेल २०६ या दोन पात्यांच्या हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा मिनिटाला सुमारे ३९४ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण १३ ठोके पडतात. इतके संथ ठोके कानाला सलग सुरासारखे न वाटता सुटे सुटे जाणवतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.

त्यातही हेलिकॉप्टर उतरू लागले की आवाज अधिक कर्कश होतो. सेकंदाला २०० मीटरहून अधिक वेगाने फिरणाऱ्या प्रत्येक पात्याच्या टोकापासून हवेचा एक पिळदार भोवरा सुटतो. सरळ उड्डाणात हे भोवरे बहुतांशी पंख्याच्या खाली निघून जातात. मात्र मंद उताराने खाली येताना ते पंख्याच्या पातळीतच रेंगाळतात, मागून येणारे पाते त्यांना छेदते, त्याच्यावरील हवेचा दाब क्षणार्धात बदलतो आणि 'थाड थाड' असा आवाज उमटतो. उतरताना इंजिनाला कमी जोर लावावा लागत असूनही गोंगाट वाढतो तो यामुळे. एअरबसच्या एच१६० या हेलिकॉप्टरची पाती टोकाकडे दुहेरी वळण दिलेली आहेत, जेणेकरून संपूर्ण पाते एकाच क्षणी भोवऱ्यावर आदळू नये. शेपटीच्या छोट्या पंख्याची किणकिण वेगळी असते. तो कड्यात बंदिस्त केला की ती बरीच कमी होते. जुहूहून मुंबई हायकडे जाणाऱ्या डॉफिन हेलिकॉप्टरांची शेपटी अशाच धाटणीची आहे.

हवा उच्च कंप्रतेचे आवाज लवकर शोषून घेते, तर खालच्या पट्टीतले आवाज दूरवर पोहोचतात. भिंती आणि खिडक्याही त्यांना फारसे अडवत नाहीत, उलट तावदाने थरथरू लागतात. ध्वनिमापनाची प्रचलित 'ए' मोजपट्टी मात्र ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. कानाची संवेदनशीलता पाहता हे गैर नाही, पण रहिवाशांची तक्रार आणि मापकावरील आकडा यांचा मेळ बसत नाही, त्यामागे हे एक कारण आहे. तक्रारदाराला अतिसंवेदनशील ठरवण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर हा वाद चांगलाच गाजला. मॅनहॅटनहून बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील हॅम्प्टन्स या सुट्टीच्या गावांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या श्रीमंतांच्या हेलिकॉप्टरांना अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने २०१२ मध्ये उत्तर किनाऱ्यालगतचा समुद्रावरील मार्ग सक्तीचा केला. अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे किनाऱ्यावरील वस्त्यांना दिलासा मिळणे स्वाभाविक होते. परंतु उतरण्यासाठी बेट कुठेतरी ओलांडावेच लागते, आणि ती वाहतूक ज्या गावांवर एकवटली तेथून नव्या तक्रारी सुरू झाल्या. शिवाय समुद्रावर गेला तो सरळ उड्डाणाचा, तुलनेने सौम्य टप्पा. भोवरे छेदत खाली येण्याचा टप्पा हेलिपॅडभोवतीच्या घरांच्या वाट्याला पूर्वीसारखाच राहिला.