व्हिएतनाममधील परकीय गुंतवणूक : कायदे व संस्था

परदेशी भांडवल देशात आणण्यासाठी व्हिएतनामने उभारलेली ही व्यवस्था १९८६ मधील ‘दोई मोई’, म्हणजे नूतनीकरणाच्या धोरणातून आकाराला आली. डिसेंबर १९८७ चा परकीय गुंतवणूक कायदा हा तिचा पाया. साम्यवादी पक्षाची एकपक्षीय सत्ता कायम ठेवूनही या कायद्याने संपूर्ण परदेशी मालकीच्या कंपन्यांना मुभा दिली. संयुक्त उपक्रमात परदेशी भागीदाराचा वाटा किमान ३० टक्के असावा, अशी अटही घातली. एरवी विकसनशील देश परदेशी वाट्याला कमाल मर्यादा घालतात; इथे किमान मर्यादा होती, यातच देशाची भांडवलाची निकड दिसते. उद्योगांचे राष्ट्रीयीकरण होणार नाही, ही हमी १९९२ च्या राज्यघटनेतच देण्यात आली.

खरी अडचण जमिनीची होती. जमीन साऱ्या जनतेच्या मालकीची असल्याने ती कोणालाच विकत घेता येत नाही. मिळतो तो मुदतीचा वापरहक्क, बहुधा ५० वर्षांचा. यातून मार्ग काढला औद्योगिक वसाहतींनी. वसाहतीचा विकासक सरकारकडून जमीन घेतो, ती सपाट करतो, रस्ते, वीज व सांडपाण्याची सोय करतो आणि कारखानदाराला तयार भूखंड भाडेपट्ट्याने देतो. हो चि मिन्ह शहरातील तान थुआन हे १९९१ चे निर्यात प्रक्रिया क्षेत्र या वाटेवरचे पहिले. व्यवस्थेच्या यशात करसवलतींपेक्षा या तयार भूखंडांचा वाटा मोठा मानावा लागेल.

२००५ मध्ये देशी व परदेशी गुंतवणूकदारांसाठी एकच कायदा झाला आणि बहुतेक परवाने प्रांतांच्या हाती गेले. त्यामुळे प्रांताप्रांतांत चुरस लागली. हनोईलगतच्या बाक निन्ह या तेव्हाच्या छोट्या प्रांतात सॅमसंगचा मोबाइल कारखाना आला तो याच काळात. २०१४ च्या कायद्याने परदेशी गुंतवणूकदाराने आधी प्रकल्पाचे आणि मग कंपनीचे नोंदणीपत्र घ्यावे, असा क्रम घालून दिला.

कंपनीकराचा सर्वसाधारण दर २० टक्के आहे. उच्च तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांना मात्र १५ वर्षे १० टक्के दर, त्यातही पहिली ४ वर्षे पूर्ण माफी आणि पुढची ९ वर्षे निम्मा कर, अशी सवलत मिळत आली. १ जानेवारी २०२४ पासून बड्या बहुराष्ट्रीय समूहांना १५ टक्के किमान कर लागू झाल्याने तिची धार बोथट झाली. म्हणून सरकारने थेट रोख साहाय्यासाठी गुंतवणूक साहाय्य निधी स्थापन केला. निर्यातीचा बहुतांश भाग आजही परदेशी कंपन्यांकडूनच होतो. त्यांना सुटे भाग पुरवू शकतील असे देशी कारखाने मात्र अजून पुरेसे उभे राहिलेले नाहीत, आणि ही उणीव गंभीर आहे.