जे जागचं हलत नाही त्याला आधी वायर जोडा

नेट अडकायला लागलं की लोक सरळ मोठा प्लॅन घेतात, आणि बऱ्याचदा त्याने काहीच फरक पडत नाही, कारण अडचण बाहेरून येणाऱ्या लाईनमध्ये नसतेच, ती घरातल्या हवेत असते.

वायफाय म्हणजे शेवटी रेडिओ. एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका ठरावीक पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकत बसायचं, हवा मोकळी झाली की किंचित थांबून आपला डेटा सोडायचा. राउटरलासुद्धा हाच नियम. आता समजा राउटरजवळच्या लॅपटॉपला 400 एमबीपीएस मिळतात आणि तीन भिंतींपलीकडच्या जुन्या टॅबलेटला 20. दोघांनी तेवढीच फाईल उतरवली तर टॅबलेट वीसपट जास्त वेळ हवा अडवून धरतो, म्हणजे त्याचं एकट्याचं रडगाणं नसतं, सगळ्यांचाच वेळ तो खातो. वायफाय 6 मध्ये, म्हणजे वायफायच्या सहाव्या पिढीत, एकाच वेळी अनेकांना थोडं थोडं द्यायची सोय आलीय, पण हवा तेवढीच आहे.

म्हणून टीव्ही, डेस्कटॉप, गेमिंग कन्सोल, जे जे एका जागी बसून असतं त्याला लॅन केबल लावा. साधी कॅट 5ई केबल 100 मीटरपर्यंत 1 जीबीपीएस आरामात नेते. आत आठ तारा असतात, दोन दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी पिळलेली. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच येतो आणि पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं, त्यामुळे गोंगाट आपोआप कटतो. ही युक्ती ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी 1881 मध्ये पेटंट केली होती आणि आजही तीच चालते, मला हे फार भारी वाटतं! एक मात्र बघा, गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 एमबीपीएसला दोनच पुरतात, त्यामुळे कनेक्टरमध्ये एखादी तार सैल असली तर बऱ्याचदा नेट बंद पडत नाही, गुपचूप 100 वर येतं. सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलवर ठरलेला वेग, बघून घ्या. आणि केबल शुद्ध तांब्याचीच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको.

मग राहतात मोबाईल वगैरे. त्यांच्यासाठी राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी हे सगळे सिग्नलचे शत्रू. वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा बँड लांब जातो पण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, वर मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंधळ घालतो. 5 गिगाहर्ट्झचा बँड भिंतीत लवकर मरतो, म्हणूनच शेजाऱ्यांचाही कमी पोचतो. लांबच्या खोलीसाठी रिपीटर घेऊ नका, तो प्रत्येक गोष्ट ऐकून त्याच हवेत परत बोलतो, स्पीड साधारण निम्मा. केबलने राउटरला जोडलेला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथून वायफाय देणारा दुसरा डबा, लावा.

एवढं करूनही कोणी मोठी फाईल अपलोड करताना व्हिडिओ कॉल अडकत असेल तर राउटर किंवा मोडेममध्ये पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, लांबच लांब रांग साचतेय. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग सांभाळणारी सोय, असेल तर चालू करा आणि मर्यादा लाईनच्या स्पीडच्या साधारण 90 टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि कॉलची छोटी पॅकेटं पुढे काढता येतात. स्पीड टेस्टचा आकडा थोडा खाली येईल, येऊ द्या.